सोनू, तो मेलाच नव्हता म्हणे

सोनू, तुझी पुस्तकं मी जाळू दिली नाहीत. हे आधी सांगते, बाकी सगळं मग.

तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे हात धुऊन ओसरीत सुपारी कातरत बसले, आणि तुझी आत्या तुझ्या खाटेखालची चारही पुस्तकं घेऊन अंगणात आली. हात लागू नये म्हणून पदरात गुंडाळून. अंगणातल्या चुलीत निखारे होते अजून. "हे टाका यात," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "याच्यानंच पोट्टी गेली. गोंदियावालीनं भुतं आणली घरात."

गोंदियावाली म्हणजे मी. लग्नाला दोन वर्षं होत आली, या घरचं शेण-पाणी केलं, मिरच्या तोडल्या, तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले, तरी तिच्यासाठी मी गोंदियावालीच. मी गेले, तिच्या पदरातून पुस्तकं काढली, तुझ्या खाटेवर ठेवली आणि त्यांच्यावर बसले. हो, बसले. विद्येवर बसू नये हे मलाही माहीत आहे. दुसरं काही सुचलं नाही.

"आत्या," मी म्हटलं, "सोनू सिकलसेलनं गेली. आणि उशिरा नेली म्हणून गेली. उशीर कोणी केला ते इथं सगळ्यांना माहीत आहे."

ओसरीतले अडकित्ते थांबले. तुझा दादा खाली बघत होता. त्याच्याकडे मी किती वेळ पाहिलं, पण त्यानं मान वर केली नाही. नंतर खोलीत आल्यावर म्हणतो, "जाऊ दे ना रश्मी, म्हातारी आहे ती." तू गेलीस, तुला जाऊ दिलं, आता अजून काय काय जाऊ द्यायचं?

माझा राग कमी होत नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी शांतपणे बोलावं. तू मला कधी शांत बघितलंस? तुलाच तर आवडायचं ते. "वहिनी चिडली का टमाटरावानी होते," असं गावभर सांगून यायचीस.

मी या घरात आले तेव्हा तू अकरावीत होतीस आणि तुला मी अजिबात आवडले नव्हते. लग्नाचा मांडव निघाला, पाहुणे गेले, आणि मी पाहिलं की मधल्या खोलीत एक बारीक पोरगी पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेली आहे. डोळे पिवळसर. मी विचारलं, काय होतं? तू म्हणालीस, "हाडं दुखून राहिली. तुमाले कायले सांगू, तुमी का डॉक्टर हाव?" मग थोड्या वेळानं तूच म्हणालीस, "तुमच्या पेटीत पुस्तकं हायत ना जी? दादा म्हणे."

ती पुस्तकं मी कॉलेजात असताना गोंदियाच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एकेक करून घेतलेली. इंग्रजी, पोरासोरांसाठी लिहिलेली पाच भागांची कथा. माझ्याकडे चार होते. मुखपृष्ठावर मातीतून वर आलेला हाडांचा हात. आईंनी तो हात पाहिला आणि पेटी माळ्यावर टाकायला सांगितली. तू म्हणालीस, "आई, माह्या हाताचा एक्सरे असाच दिसते." आणि हसलीस. आई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आपण वाचायला लागलो. मी इंग्रजी वाचायची आणि लगेच मराठी करून सांगायची. समुद्रकाठचं एक गाव, तिथे मिठागरं. तिथले मालक जिवंत माणसं कामाला ठेवत नाहीत, कारण जिवंत माणूस थकतो, आजारी पडतो, भांडतो. म्हणून ते मंत्र घालून मेलेल्यांना उठवतात आणि मीठ ओढायला लावतात. त्या गावात वेरेना नावाची पोरगी, कबरी खोदणाऱ्याची नात. तिला मेलेल्यांचं बोलणं ऐकू येतं. बाकी कोणालाच येत नाही, मालकांनाही नाही.

मेलेल्यांना उठवणाऱ्यांसाठी इंग्रजीत मोठा अवघड शब्द आहे. तुझ्या तोंडात तो बसेना. तू म्हणालीस, "सोड वहिनी. मुडदेमास्तर म्हणू. पाह्य ना, मेलेल्यालेबी लाईनीत उभं करून राहिला, हातावर छडी मारून राहिला. मास्तरच होय हा." त्या दिवशी तू पहिल्यांदा मला 'तू' म्हणालीस. मी ते ऐकलं, पण बोलले नाही, न जाणो तू परत 'तुमी'वर जाशील.

त्यानंतर मुडदेमास्तर हा आपल्या घरातला शब्द झाला. तुझ्या कॉलेजचे सर, ज्यांना तू सारखी गैरहजर का असतेस ते सांगून सांगून तू दमलीस आणि जे वर्गासमोर म्हणाले, "हिला दर पंधरा दिवसांनी नाटक सुचतं," ते मुडदेमास्तर नंबर एक. तू घरी येऊन रडली नाहीस. पुस्तक उघडलंस आणि म्हणालीस, "चाल, वाच. आज कोणाले उठवते ते पाहू."

मला तेव्हाही राग आला होता. मी सरांना जाऊन बोलते म्हटलं. तू हात धरलास. "कायले? एकाले सांगशील, गावाले कोण सांगंल?" आणि सांगून काय होतं ते तू आधीच करून पाहिलं होतंस. तुझ्या रक्तातल्या पेशी गोल नसतात, विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकतात, म्हणून दुखतं. थंडीत जास्त दुखतं, पाणी कमी प्यायलं की जास्त दुखतं. हे तुला दवाखान्यातल्या बाईनं चित्र काढून दाखवलं होतं. तू तेच चित्र खडूनं भिंतीवर काढून आत्याला दाखवलंस. आत्या म्हणाली, "असं का बाई," आणि तुझ्या उशीखाली लिंबू ठेवून गेली. त्या लिंबाचं आपण सरबत केलं, आठवतं? तिच्याच ग्लासात तिलाच दिलं. प्यायली आणि म्हणाली, गोड झालं.

आता ते आठवून हसू येत नाही. तेव्हाच भांडायला हवं होतं सगळ्यांशी.

दुसऱ्या भागापर्यंत तुला माझी गरज उरली नव्हती. मोबाइलवर शब्द शोधत शोधत तू स्वतः वाचायला लागलीस. दुपारी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचीस. तुमच्या कोहळी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेला तो तलाव तुला फार आपला वाटायचा, पाळीवर बसलं की तू मालकिणीसारखी बसायचीस. मी हाक मारायची, जेवायला ये. तिकडून आवाज यायचा, "वाचून राहिली नाऽऽ!" धानाच्या बांध्यांतून रोवणी करणाऱ्या बाया हसायच्या. एकदा एकीनं विचारलं, "काय वाचते गं?" तू तिला वेरेनाची गोष्ट सांगितलीस. दुसऱ्या दिवशी त्या चारपाच जणी डबे घेऊन पाळीवरच जेवायला बसल्या, पुढं काय झालं ऐकायला. मेलेले लोक मीठ ओढायचं थांबवतात आणि मालकाच्या दारात जाऊन नुसते उभे राहतात, तो भाग तू उभी राहून सांगितलास. बाया म्हणाल्या, "बरं केलं त्याहीनं." एक म्हणाली, "जित्यानं असं काऊन नाई करत?" तू मला घरी येऊन हे सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा काय झाला होता! ताप नसताना इतका लाल तुझा चेहरा मी तेव्हाच पाहिला.

हे तू मला दिलंस. परक्या गावात मला एक माणूस मिळालं, ज्याच्याशी पुस्तकावर भांडता येतं. लग्नानंतर पुस्तकं पेटीत राहतील, मीही पेटीतच राहीन, असं धरून मी आले होते.

आणि भांडलो किती! चौथ्या भागाच्या शेवटी वेरेनाचा धाकटा भाऊ मरतो. जन्मापासून आजारी, खोकत असायचा तो. आणि एव्हाना वेरेनाला उठवायची विद्या आलेली असते. ती त्याच्याजवळ बसते, ओठांवर मंत्र आहे, आणि तिथे भाग संपतो. पाचवा भाग आपल्याकडे नव्हता. मग काय, हिवाळाभर आपलं तेच.

मी म्हणायची, उठवावं. भाऊ आहे तो. हातात असताना कोण सोडतं?

तू म्हणायचीस, "त्याले विचारलं का कोणी? त्या अंगात जलमभर दुखत होतं त्याले. आत्ता कुठं थांबलं. परत त्याच अंगात कायले आणते?"

"पण तिचं काय? ती एकटी पडेल."

"मंग ती मुडदेमास्तरच झाली ना वहिनी. आपल्यासाठी उठवते, त्याच्यासाठी नाई."

मी म्हटलं, तू दगड आहेस. तू म्हणालीस, तू स्वार्थी आहेस. आपण एक दिवस बोललो नाही. भाजी वाढताना आईंच्या मार्फत बोललो. आईंना वाटलं, घरात काहीतरी मोठं झालं. दादाला वाटलं, मी माहेरी जाते की काय. आणि आपण भांडत होतो कुठल्याशा समुद्रकाठच्या एका खोकणाऱ्या पोरासाठी.

मला तेव्हा समजलं नव्हतं असं नाही. तू कोणाबद्दल बोलतेस ते मला कळत होतं. म्हणूनच मी इतकी भांडत होते. तुला 'हो, बरोबर आहे तुझं' असं मी म्हणणार नव्हते, आणि आजही म्हणत नाही.

आता तो दिवस. तो लिहिल्याशिवाय माझं भागणार नाही, आणि तुलाही सगळं माहीत नाही, कारण अर्धा वेळ तू डोळे मिटून होतीस.

थंडी कडाक्याची होती. सकाळी तू म्हणालीस, नेहमीसारखं नाही, छातीत दुखतं, श्वास घ्यायला टोचतं. अंगाला हात लावला तर तापलेलं. मी म्हटलं, ताबडतोब दवाखाना. दादा नागपूरला गेलेला. आत्या मुक्कामाला आलेली. ती म्हणाली, आधी बाबाला बोलावू, शेजारच्या गावातला, झाडफूक करणारा. आई मधे उभ्या. मी आईंना म्हटलं, "आई, हे वेगळं दुखणं आहे, छातीचं आहे." आईंनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येऊ दे त्याले. मंग नेऊ."

तो आला. खिडक्या लावल्या. धूप पेटवला. जिला श्वास घेता येत नाही तिच्या खोलीत धूर केला! मी खिडकी उघडली, आत्यानं लावली. मी परत उघडली. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खाटेखालची पुस्तकं त्याला दिसली. हाडांचा हात बघून त्याला फार आनंद झाला, सोनू. मी शपथेवर सांगते, आनंद झाला. "हेच होय," म्हणाला. "इथूनच आली बाधा." आणि मग तो त्या पुस्तकांना अंगारा लावत बसला. तुला नाही, पुस्तकांना! तू धापा टाकत होतीस आणि तो पानं मोकळी करून भूत शोधत होता.

तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "त्याले म्हण, इंग्रजीत हाय. त्याले नाई समजनार."

मी तुझ्या दादाला फोन लावला. तो म्हणाला, आत्या म्हणते तर थोडं थांब, मी निघालोच. मी फोन ठेवला आणि घराबाहेर पडले. डोक्यावर पदर नव्हता, पायात चपला नव्हत्या. समोरच्या घरी गाडी होती, त्यांच्या अंगणात जाऊन मी ओरडले. तिथल्या काकांनी एक प्रश्न विचारला नाही. गाडी काढली. पण तोवर दुपार झाली होती. सगळी सकाळ त्या धुरात गेली होती.

आई गाडीत बसल्या. आत्या नाही बसली. वाटेत तू एवढंच म्हणालीस, "वहिनी, काच खाली कर ना." मी काच खाली केली. थंड वारा लागेल म्हणून आई ओरडल्या. मी वर केली नाही.

पहिल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि गोंदियाला पाठवलं. तिथे डॉक्टरीण तरुण होती, माझ्याच वयाची. तिनं जे करायचं ते धावत केलं. आणि मग बाहेर येऊन मला विचारलं, "इतक्या उशिरा का आणलं?" मला! आईंना नाही, पोचलेल्या दादालाही नाही, मला विचारलं, कारण तुझं सिकलसेलचं कार्ड माझ्या हातात होतं. मी काय सांगायला हवं होतं? घरात एक माणूस पुस्तकांचं भूत उतरवत होता म्हणून? मी म्हटलं, "चूक झाली." कोणाची ते बोलले नाही. दिवे लागायच्या आत तू गेलीस.

त्या 'चूक झाली'चा मला अजून राग येतो. ते माझं वाक्य नव्हतं. मी सगळ्या घराच्या वतीनं बोलले आणि घरानं नंतर ते मलाच चिकटवलं.

आता पाचव्या भागाचं सांगते. तो भाग माझ्या भावानं शोधून ठेवला होता. तू गेल्यावर तो भेटायला आला, तेव्हा पिशवीतून काढून गपचूप माझ्याजवळ दिला. सुतकात असलं वाचू नये म्हणतात. मी वाचलं. स्वयंपाकघरात, दार लोटून, एका बैठकीत.

सोनू, तो मेलाच नव्हता म्हणे!

ऐकतेस का? भाऊ मेलाच नव्हता. बेशुद्ध होता. वेरेना मंत्र म्हणणार इतक्यात त्याची बोटं हलतात. मग पुढची अडीचशे पानं तो बोटीवर चढतो काय, तलवार चालवतो काय, खोकलासुद्धा गेला त्याचा. समुद्राच्या हवेनं बरा झाला म्हणे! हिवाळाभर आपण कशासाठी भांडलो? एक दिवस अबोला धरला तो कशासाठी? उठवावं की उठवू नये, हा प्रश्न चौथ्या भागानं आपल्या छातीवर ठेवला आणि शेवटी अशी पळवाट! मी पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उचललं, कारण ते तुला दाखवायचं होतं. दोन पावलं मधल्या खोलीकडे गेलेसुद्धा.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येत नाही. वेरेनाला येतं तसं मला काही ऐकू येत नाही. मी खूप प्रयत्न केला. तुझ्या खाटेवर बसले, डोळे मिटले. बाहेर कोणाच्या तरी ट्रॅक्टरचं गाणं ऐकू आलं.

काल पाहुणे सगळे गेले. आत्याही गेली, माझ्याशी न बोलता. जाताना लेकीला सांगत होती, सून फार तोंडाळ आहे. असू दे. तिच्या त्या लेकीची पोरगी सारखी पाय दुखतात म्हणते, हे मला ठाऊक आहे. मी गाडीजवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, पोरीचं रक्त तपासून घ्या. फक्त बोटातून थेंबभर काढतात." आत्यानं तोंड फिरवलं. ताईंनी मात्र माझा हात दाबला. दादाही तपासून घेणार आहे, मीही. त्याला मी सांगितलं आहे, तोवर मुलाबाळाचं बोलायचं नाही. या वेळी तो 'जाऊ दे ना' म्हणाला नाही.

दुपारी घर रिकामं झालं. आई अंगणात चटईवर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि खुडायला लागले. तू गेल्यापासून आम्ही दोघी कामापुरतंच बोलत होतो. त्यांच्यावरचा माझा राग गेला असं मी तुला खोटं सांगणार नाही. गेला नाही. 'येऊ दे त्याले, मंग नेऊ' हे त्यांचेच शब्द. पण त्यांच्या बोटांची आग होत होती आणि त्या थांबत नव्हत्या, हेही मी बघत होते.

खुडता खुडताच त्या म्हणाल्या, "त्या पुस्तकातल्या पोट्टीले माय हाय का?"

मी म्हटलं, "नाही आई. सुरुवातीलाच मरते."

"कितव्या पानावर?"

"पहिल्याच."

त्यांनी हातातला देठ बाजूला टाकला. "बरं झालं तिचं," म्हणाल्या.

मला वाटलं, पोरीचं म्हणतात. मी म्हटलं, "बरं कसं आई? एकटी पडते ती."

"पोट्टीचं नाई," त्या म्हणाल्या. "मायचं म्हणून राहिली मी. आधी गेली ना ते."

आईंनी हात पदराला पुसले, चटईवरच्या मिरच्या बाजूला लोटून माझ्याजवळ जागा केली.

"आन ते पुस्तक," त्या म्हणाल्या. "वाच मले. अन् ते मायचं पान सोडू नोको."